पेठेतल्या वाड्याचे हॉटेल करताना: आधी न्हाणीघर, मग खोल्या

पुण्याच्या पेठांमध्ये आजही जे वाडे उभे आहेत त्यांच्या मालकांना बहुतेक वेळा दोनच सल्ले मिळतात. एक, वाडा विकसकाला देऊन टाका. दुसरा, भिंत आपोआप पडेपर्यंत थांबा. वाडा दुरुस्त करून त्यात पाहुण्यांसाठी खोल्या काढणे हा तिसरा मार्ग कष्टाचा आणि वेळखाऊ आहे. परंतु तो साधला तर वाड्याची डागडुजी वाड्याच्याच कमाईतून होऊ लागते आणि मंडई, तुळशीबाग, कसबा गणपती यांच्यापासून चालत काही मिनिटांवर राहण्याची सोय पाहुण्यांना मिळते. २०२४ मध्ये भुयारी मेट्रो मंडईपर्यंत आल्यापासून तर गाडी घेऊन पेठेत शिरण्याची निकडही कमी झाली आहे. मी बरीच वर्षे वाड्यांच्या दुरुस्तीच्या कामात आहे, आणि ज्यांना हा तिसरा मार्ग धरायचा आहे त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

राजस्थानातल्या दगडी हवेल्यांची हॉटेले पाहून आल्यावर तसेच इथे करावे असे अनेकांना वाटते. पुण्याच्या वाड्याची जात मात्र वेगळी आहे. जोते घडीव काळ्या दगडाचे, त्यावर सागवानी खांब आणि तुळयांचा सांगाडा, सांगाड्याच्या पोटात पातळ विटांची भिंत, मजल्याला कडीपाट (लाकडी कड्यांवर बसवलेले पाट), कडीपाटावर मातीचा थर, आणि या सगळ्यांना धरून ठेवणारा चुना, अशी त्याची रचना असते. हा सांगाडा ओझे सोसतो, थोडा कललेला असला तरी पिढ्यानपिढ्या उभा राहतो, पण साठून राहिलेले पाणी त्याला सोसत नाही. हॉटेल म्हणजे तर प्रत्येक खोलीला न्हाणीघर, आणि रोज दोन वेळा वाहते पाणी. म्हणून पहिला आराखडा न्हाणीघरांचा काढावा आणि त्यात जितक्या खोल्या बसतील तितक्याच खोल्या धराव्यात, हे या लेखाचे मुख्य सांगणे आहे.

कागदपत्रे

पेठेतल्या जागेला सातबारा नसतो. नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, काढावे आणि त्यावरची नावे आजच्या वारसांशी जुळतात का ते पाहावे. तीन-चार पिढ्यांच्या वाड्यात ती सहसा जुळत नाहीत. वारसनोंद, नोंदणीकृत हक्कसोडपत्र, आणि परदेशी असलेल्या सहहिस्सेदारांचे कुलमुखत्यारपत्र ही कामे आराखडा हातात घेण्यापूर्वी संपवावीत. एका चुलत भावाची सही राहिली म्हणून अर्ध्यावर थांबलेले काम वाड्याला फार महाग पडते, कारण तोवर कौले उतरवलेली असतात.

भाडेकरूंचा प्रश्न महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या चौकटीतच सोडवावा लागतो. माझे मत असे की रस्त्याकडेची दुकाने शक्यतो आहे तिथेच राहू द्यावीत. चौकातून बाहेर पडताच किराणा, छत्रीदुरुस्ती किंवा पूजासाहित्याचे दुकान दिसणे ही पाहुण्याच्या दृष्टीने जमेची बाजू असते, आणि पिढ्यांचा भाडेकरू रात्री-अपरात्री वाड्यावर लक्षही ठेवतो.

वाडा महानगरपालिकेच्या वारसा यादीत आहे का आणि कोणत्या श्रेणीत आहे, हे हेरिटेज सेलकडे विचारून घ्यावे. पहिल्या श्रेणीत मूळ वास्तूला जवळजवळ हात लावता येत नाही, तर दुसऱ्या व तिसऱ्या श्रेणीत आतल्या बदलांना क्रमाने अधिक वाव मिळतो. यादीत नाव आले म्हणजे वाडा हातातून गेला, अशी भीती पेठेत फार आहे. प्रत्यक्षात राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत अशी तरतूद आहे की, वारसा वास्तू नीट राखण्याचे लेखी हमीपत्र मालकाने दिले तर वारसा समितीच्या संमतीने तिचा काही भाग किंवा संपूर्ण वास्तू व्यापारी वापरासाठी अथवा हॉटेलसाठी बदलता येते, आणि राखण केली नाही तर ती परवानगी काढूनही घेतली जाते. म्हणजे यादीतले नाव हॉटेल करणाऱ्याच्या उपयोगी पडणारे आहे.

शनिवारवाड्याच्या आसपास वाडा असेल तर आणखी एक गोष्ट सर्वांत आधी पाहावी. शनिवारवाडा हे केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. २०१० मध्ये सुधारलेल्या कायद्यानुसार अशा स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे, आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये ते परवानगीनेच करता येते. दुरुस्तीलाही पूर्वपरवानगी लागते. त्या १०० मीटरच्या आत परसात नवा जिना किंवा न्हाणीघरांचा नवा मनोरा (त्याविषयी पुढे) उभा करता येणार नाही असे धरूनच आराखडा करावा.

एक पावसाळा नुसता पाहण्यात घालवावा

ताबा मिळाला की लगेच ठेकेदार बोलावण्याची घाई होते. ती आवरावी आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत वाडा फक्त पाहावा. पाऊस पडून गेला की बॅटरी आणि गेरूचा खडू घेऊन प्रत्येक खोलीत फिरावे, ओलीच्या डागाभोवती रेघ ओढावी आणि शेजारी तारीख लिहावी. चार महिन्यांनी त्या रेघा भिंतीवरचा नकाशाच होतात. वरून खाली उतरणारी ओल कौलांची किंवा पन्हळीची असते, जमिनीपासून गुडघाभर चढलेली ओल जोत्याची असते, आणि पावसाशी काहीही संबंध न ठेवता बारा महिने एकाच जागी राहणारी ओल शेजारच्या गळक्या नळाची किंवा ड्रेनेजची असते. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, त्यामुळे ही ओळख पटेपर्यंत एक रुपयाही खर्च करू नये. भेगांवर काचेची पातळ पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवून ठेवावी. पट्टी तडकली तर भेग अजून चालते आहे, आणि तशीच राहिली तर ती जुनी, थांबलेली भेग आहे.

याच काळात एका जाणत्या सुताराला घेऊन लाकूड तपासावे. खांबावर लाकडी हातोडीने ठोकले की निरोगी सागवान खणखणीत बोलते आणि आतून वाळवीने खाल्लेले बद्द वाजते. तुळईचा मधला भाग बहुधा धडधाकट असतो. जे टोक भिंतीत गाडलेले असते ते आधी कुजते, कारण भिंतीची ओल त्यालाच पहिल्यांदा लागते आणि ते कुणाला दिसत नाही. म्हणून टोकाशी भिंतीची एक वीट काढून पाहिल्याशिवाय तुळई चांगली असल्याचा निर्वाळा देऊ नये.

नदीजवळच्या पेठांमध्ये, विशेषतः नारायण आणि शनिवार पेठेत, १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराचे पाणी शिरले होते. तिथला वाडा असेल तर जोते कुठे खचले आहे का, आणि पुरानंतर कोणत्या भिंती घाईने सिमेंटमध्ये बांधल्या गेल्या, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना बसवून विचारावे. ही माहिती कोणत्याही कागदावर सापडत नाही.

पाण्याची वाट

माझ्या सुरुवातीच्या कामांपैकी सदाशिव पेठेतल्या एका दोन चौकी वाड्यात माजघरावरच्या खोलीला लागून न्हाणीघर काढले होते. ठेकेदाराने नेहमीच्या फ्लॅटप्रमाणे जमीन खाली घेऊन विटांच्या तुकड्यांचा कोबा भरला आणि वर फरशी बसवली. तो नकाशा मी स्वतः पसंत केला होता. दुसऱ्या पावसाळ्यानंतर खालच्या माजघरात तुळईला बोट लावले, तर सागवान भिजलेल्या चहाच्या चोथ्यासारखे हाताला आले. छप्पर कोरडे होते. फरशीच्या सांध्यांतून रोज चमचा-दोन चमचे पाणी झिरपत होते, कोबा ते स्पंजासारखे धरून ठेवत होता, आणि तुळई दोन वर्षे त्याखाली भिजत उभी होती. तेव्हापासून मी न्हाणीघराचा नकाशा काढल्याशिवाय खोलीचा नकाशा काढत नाही.

त्या कोब्याच्या वजनाचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. विटांच्या कोब्याचे वजन घनमीटरला सुमारे १८०० किलो धरले, तर ३० सेंटिमीटर जाडीचा थर दर चौरस मीटरला ५४० किलो भरतो. निजण्याच्या खोलीसाठी अभियंते दर चौरस मीटरला २०० किलो भार धरतात. म्हणजे न्हाणीघरात माणूस शिरण्यापूर्वीच कडीपाटावर अडीचपटीहून अधिक ओझे चढलेले असते.

जुन्या वाड्याने हा प्रश्न सोडवून ठेवला होता. न्हाणीघर तळमजल्यावर, मागच्या अंगाला, आडाजवळ. शौचकूप त्याहून दूर परसात. आणि माडीवर पाणी गेलेच तर तांब्या-घंगाळातून. आज पाहुण्याला परसात पाठवता येत नाही, पण पाणी वाड्याच्या मागच्या अंगाला ठेवण्याचे तत्त्व पाळता येते. ज्या वाड्याला परसू आहे आणि परवानगी मिळते, तिथे मागच्या भिंतीला लागून स्वतंत्र पायावरचा लोखंडी सांगाडा उभा करावा, प्रत्येक मजल्याची न्हाणीघरे त्यात एकावर एक घ्यावीत, आणि वाड्याच्या भिंतीला त्याचा भार लागू देऊ नये. खोलीतून न्हाणीघरात जायचा दरवाजा जुन्या खिडकीच्या किंवा फडताळाच्या जागी काढला तर नवी भिंत फोडावी लागत नाही. सगळे नळ आणि सांडपाण्याचे पाइप याच मनोऱ्यात उघडे ठेवावेत, म्हणजे गळती झाली तर ती त्याच दिवशी दिसते.

परसू नसेल तर न्हाणीघरे तळमजल्यावर जोत्यावर येतील अशा रीतीने खोल्या मांडाव्यात, आणि वरच्या मजल्यावर बैठक, वाचनाची जागा, नाहीतर कुटुंबासाठी एकच मोठी खोली ठेवावी. तरीही कडीपाटावर न्हाणीघर घेण्यावाचून गत्यंतर नसेल तर जमीन खाली न घेता एक पायरी वर उचलावी: पाटांवर हलकी लोखंडी चौकट, तिच्यावर सिमेंट बोर्ड, त्यावर फायबरचे अखंड तबक, आणि तबकाच्या खाली हात जाईल इतकी मोकळी जागा, जिच्यातून हवा खेळेल आणि दर महिन्याला डोकावून पाहता येईल. पायरीला ठेच लागू नये म्हणून तिला वेगळ्या रंगाची कड द्यावी.

पाण्याच्या टाकीचाही विचार इथेच करावा. भारतीय मानकांत हॉटेलसाठी दर खाटेमागे रोजचे १८० लिटर पाणी धरतात. दहा खोल्यांत वीस पाहुणे असतील तर ३६०० लिटर, म्हणजे ३.६ टन. एवढे ओझे कौलारू छपराखालच्या तुळयांवर ठेवू नये. टाकी जमिनीत किंवा जमिनीवर घ्यावी आणि पाणी दाबाच्या पंपाने वर न्यावे. खोदकाम मात्र हळू करावे. पेशवाईत कात्रजच्या तलावाचे पाणी भुयारी नळाने शहरातल्या हौदांपर्यंत आणले होते, आणि काही वाड्यांत स्वतःचे हौद व पाण्याच्या दगडी वाटा अजून जमिनीखाली आहेत. खोदताना अशी दगडी वाट सापडली तर काम थांबवून हेरिटेज सेलला कळवावे. जुना हौद शाबूत निघाला तर पावसाचे पाणी साठवायला त्याच्याइतकी चांगली जागा नाही.

चौकावर काचेचे किंवा पॉलिकार्बोनेटचे छत टाकण्याचा आग्रह जवळपास प्रत्येक मालक धरतो, कारण मग चौकात टेबले मांडता येतात. तसे करू नये. चौकातून वर जाणारी गरम हवाच वाड्याला थंड आणि कोरडे ठेवते, आणि आग लागली तर धूरही तिथूनच बाहेर पडतो. पावसात चौक ओला होतो, तो व्हावा. फक्त त्याची मूळ मोरी पेव्हर ब्लॉकखाली बुजली असेल तर ती मोकळी करून उतार तिच्याकडे द्यावा, आणि टेबले सोप्यावर, म्हणजे चौकाकडेच्या ओसरीवर, मांडावीत.

चुना आणि सागवान

जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा लावू नये. विटा आणि चुना ओल शोषतात आणि परत हवेला सोडतात. सिमेंटचे कवच ती ओल आत कोंडते, विटेतले क्षार फुलतात, आणि काही वर्षांत गिलावा विटेचा पापुद्रा घेऊनच सुटतो. आधी लावलेले सिमेंट सावकाश, लहान छिन्नीने काढावे आणि चुना-सुरखीचा (सुरखी म्हणजे विटेची भुकटी) गिलावा करावा. चुना भिजवून निदान काही आठवडे मुरू द्यावा; मुरलेला चुना थापीवर लोण्यासारखा बसतो, घाईचा चुना भिंतीवर गेल्यावर फुटतो. बेलफळाचा गर, गूळ, हिरड्याचे पाणी हे मिसळण्याची रीत जाणकार गवंडी अजून पाळतात, आणि त्यांच्या हाताला जे प्रमाण माहीत आहे त्यात लुडबुड करू नये. चुना हवेतून सावकाश घट्ट होतो, त्यामुळे तारीख ठरवून उद्घाटन करू पाहणाऱ्याचे आणि चुन्याचे कधी जमत नाही. वेळापत्रक चुन्याकडे पाहून करावे.

तुळईचे टोक कुजले असेल म्हणून अख्खी तुळई बदलू नये. कुजका भाग कापून जुन्याच सागवानाचा तुकडा लांब तिरक्या सांध्याने जोडता येतो, आणि गरज पडल्यास दोन्ही बाजूंनी पोलादी पट्ट्या देता येतात. पाडलेल्या वाड्यांचे लाकूड पुण्यात विकत मिळते. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटच्या परिसरात विचारावे, आणि घेताना खिळ्यांची भोके व वाळवीच्या वाटा उजेडात पाहून घ्याव्यात. खांबांवरचा जुना तैलरंग काढल्यावर पॉलिशची चकाकी देण्याऐवजी जवसाचे तेल पाजावे.

नव्या वस्तूंसाठी फार लांब जावे लागत नाही. कसब्यातल्या तांबट आळीत आजही मठारकाम होते. हातोडीच्या ठोक्यांनी मठारलेले तांब्याचे हात धुण्याचे भांडे न्हाणीघरात बसवले तर ते वाड्यात उपरे दिसत नाही.

आग, वीज, आवाज

शनिवारवाड्याच्या आतल्या इमारती १८२८ च्या आगीत गेल्या, आणि विश्रामबागवाड्याचा एक भाग १८७९ च्या आगीत. लाकडी वाड्यात रात्री अनोळखी माणसे झोपवणार असाल तर या दोन वर्षांचा विसर पडू देऊ नये. वाड्याचा जुना जिना बहुधा भिंतीच्या जाडीत दडलेला, अरुंद आणि उभा असतो. तो ठेवावा, पण सुटकेचा दुसरा जिना हवाच, आणि तो न्हाणीघरांच्या मनोऱ्याशेजारी लोखंडाचा केला तर एकाच पायात दोन्ही कामे होतात. ज्यांना असा जिना बांधण्याची परवानगी मिळणार नाही त्यांनी वरच्या मजल्यावर झोपण्याच्या खोल्या ठेवू नयेत.

जाड सागवान एकदम पेटत नाही. त्याचा पृष्ठभाग मिनिटाला सुमारे अर्धा ते पाऊण मिलिमीटर जळत जातो आणि कोळशाचा थर आतल्या लाकडाला काही काळ वाचवतो. धोका पातळ पाट, जाळीकाम, पडदे आणि वायरिंगपासून असतो. म्हणून वायरिंग सगळे नवे करावे, भिंती कोरून आत गाडू नये, धातूच्या नळीतून तुळयांच्या कडेने उघडे न्यावे, आणि प्रत्येक खोलीला गळती प्रवाह तोडणारा स्वतंत्र स्विच द्यावा. बोळात अग्निशमन दलाचा मोठा बंब शिरत नाही. आगीसाठी वेगळी टाकी, पंप आणि चौकात होज रील असावीच. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्यानुसार दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. स्वयंपाकघर वाड्याच्या लाकडी भागापासून तोडून मागे घ्यावे.

वातानुकूलन यंत्र लावल्यास त्यातून ठिबकणारे पाणी हेही पाणीच आहे हे विसरू नये. त्याची नळी मनोऱ्यातल्या पाइपला जोडावी, खिडकीतून भिंतीवर सोडू नये. कडीपाटावर वर चाललेल्या माणसाची पावले खाली ऐकू येतात. ती पूर्ण थांबवता येत नाहीत, काथ्याच्या जाड चटया आणि सतरंज्यांनी बरीच कमी होतात. आणि हे पाहुण्याला आरक्षणाच्या वेळीच सांगावे. गणेशोत्सवाचेही तसेच. विसर्जनाची मिरवणूक लक्ष्मी रस्त्यावरून चोवीस तासांहून अधिक चालते आणि रस्ते बंद असतात. ज्याला ढोल-ताशा ऐकायचा आहे त्याला रस्त्याकडची माडी द्यावी, आणि ज्याला झोप हवी आहे त्याला त्या दिवसांत येऊ नका असे स्पष्ट सांगावे.

दार उघडण्यापूर्वी

वापरबदलाची परवानगी, अग्निशमन दलाचा ना हरकत दाखला, अन्नपदार्थांचा परवाना, वस्तू व सेवा कराची नोंदणी, आणि निवासीऐवजी बिगरनिवासी झालेला मालमत्ता कर व पाणीपट्टी, ही यादी सल्लागाराकडून तपासून घ्यावी. परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन कळवावी लागते, त्यासाठीची नोंदणी आधीच करून ठेवावी. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या वर्गीकरणात १९५० पूर्वीच्या वास्तूंसाठी हेरिटेज हॉटेल हा वेगळा वर्ग आहे. मूळ शैली राखली असेल तर त्यासाठी अर्ज करता येतो.

त्यानंतर शेवटची तपासणी आपली आपण करावी. कडीपाटावरच्या प्रत्येक न्हाणीघराची मोरी बंद करून तबकात दोन बोटे पाणी भरावे आणि दोन दिवस तसेच ठेवावे. खालच्या खोलीत पाटांना खालून खडूची पूड हलकेच फासावी, म्हणजे ओल उतरली तर तिथे पांढरे लगेच गडद होते. मग सगळे दिवे मालवून, शिडीवर चढून, बॅटरीचा उजेड पाटाच्या कडेने तिरपा टाकावा आणि एकेक पाट पाहत जावे. एक जरी डाग दिसला तरी ते न्हाणीघर उघडून पुन्हा करावे, मग पाहुणे दुसऱ्या दिवशी येणार असले तरी.